माया प्राणिव्यापाराचा रासायनिक शोध

मध्य अमेरिकेतील प्राचीन माया संस्कृतीच्या नगरांच्या उत्खननांत कुत्रा, हरीण, टर्की, जॅग्वार अशा प्राण्यांची हाडे व दात सापडतात. पण हाड कोणत्या प्राण्याचे हे ओळखता आले, तरी तो प्राणी तिथेच जन्मला की दूरवरून आणला गेला, हे आकारावरून कळत नाही. त्यासाठी अवशेषांतील समस्थानिकांची, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनांच्या अणूंची, गुणोत्तरे मोजली जातात.

स्थलनिश्चितीसाठी सर्वांत उपयोगी ठरते ते स्ट्रॉन्शियम हे खडकांत आढळणारे मूलद्रव्य. स्ट्रॉन्शियम-८७ व ८६ यांचे गुणोत्तर खडकाच्या प्रकारानुसार व वयानुसार बदलते आणि खडकातून मातीत, वनस्पतींत व अखेर प्राण्याच्या शरीरात जवळजवळ जसेच्या तसे उतरते. ग्वातेमालाच्या ज्वालामुखीय उच्चभूमीत ते ०.७०४ च्या आसपास, तर चुनखडकाच्या सखल प्रदेशात साधारण ०.७०७ ते ०.७०९ असते. दातावरचे एनॅमल हे कठीण आवरण लहानपणी घडते व पुढे बदलत नाही. हाड मात्र जमिनीतील पाण्यामुळे दूषित होऊ शकते, म्हणून दातावर अधिक विसंबता येते. तरीही सारखे गुणोत्तर अनेक ठिकाणी आढळू शकते. त्यामुळे प्राणी इथला नव्हे, हे जितक्या खात्रीने सांगता येते, तितक्या खात्रीने तो नेमका कुठला, हे सांगता येत नाही.

कार्बन व नायट्रोजनवरून आहार समजतो. मक्याची कार्बनखूण, म्हणजे कार्बनच्या समस्थानिकांचे गुणोत्तर, जंगलातील बहुतेक वनस्पतींहून वेगळी असल्याने, वन्य प्राण्याच्या अवशेषांत ती ठळक दिसली, तर त्याला माणसाने पोसले असावे, असा तर्क करता येतो.

ग्वातेमालातील पासिऑन नदीकाठच्या सेइबाल येथील अवशेषांचा २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास या पद्धतीचे उत्तम उदाहरण आहे. इ. स. पू. १००० ते इ. स. ९५० या काळातील हे अवशेष आहेत. नगराच्या मध्यवर्ती समारंभस्थळी सापडलेल्या, सुमारे २,४०० वर्षांपूर्वीच्या काही कुत्र्यांचे स्ट्रॉन्शियम ज्वालामुखीय उच्चभूमीशी जुळले, म्हणजे ते तिथून जिवंत आणले गेले असावेत. तिथल्याच एका मोठ्या मार्जारवर्गीय प्राण्याच्या आहारात लहानपणापासून मक्याचा अंश होता, मग तो थेट खाल्लेला असो वा मका खाणाऱ्या प्राण्यांच्या मांसातून आलेला. मांसाच्या गरजेपेक्षा समारंभांच्या गरजेतून प्राणी पाळण्याची व आणण्याची सुरुवात झाली असावी, हा अभ्यासकांचा निष्कर्ष त्यामुळेच महत्त्वाचा वाटतो.

होंडुरासमधील कोपान येथे, इ. स. ७७६ च्या, ‘क्यू’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या दगडी वेदीजवळ बळी दिलेल्या जॅग्वारांची हाडे मिळाली. त्या नगरातील काही प्यूमा व जॅग्वारांच्या अवशेषांतही मक्याची खूण आढळली आहे, तर काहींतील ऑक्सिजनच्या समस्थानिकांवरून (पिण्याच्या पाण्यानुसार ही खूण ठिकाणोठिकाणी बदलते) ते परप्रदेशातून आले असावेत, असे दिसते.