पेठेत माल उतरवायचा कुठे?

चिपळूण, राजापूर, मालवण, वेंगुर्ला या कोकणातल्या जुन्या पेठा पाण्याच्या आधाराने वाढल्या, कारण माल पाण्यावरून येई. चिपळूणचा माल वाशिष्ठीच्या खाडीतून गोवळकोटच्या धक्क्याला लागायचा. गलबतं आणि मचवे भरतीबरोबर आत शिरत. म्हणजे माल उतरवायची वेळ समुद्र ठरवी आणि जागा ठरलेलीच असे. धक्क्यापासून पुढे बैलगाडी, नाहीतर हमालाची पाठ. पेठेतला रस्ता रुंद झाला तो तेवढ्यापुरताच.

पुढे खाड्या गाळाने भरत गेल्या, घाटरस्ते सुधारले आणि माल ट्रकवर चढला. धक्क्याचं काम संपलं, पण पेठेजवळ त्याच्यासारखी दुसरी जागा कुणी राखली नाही. मग ट्रक थेट दुकानासमोर येऊ लागला. फाळका पडतो, हमाल गोणी खांद्यावर घेतो, तोवर मागे रिक्षा, तिच्यामागे एसटी आणि सगळ्यांचे हॉर्न.

कोकण रेल्वेने २६ जानेवारी १९९९ पासून कोलाड ते वेर्णा भरलेले ट्रकच मालगाडीवरून न्यायला सुरुवात केली. त्याने महामार्गावरचा ताण थोडा उतरला. पेठेपर्यंत ती सोय पोहोचणारच नव्हती. २००५ मध्ये टाटा एस, म्हणजे आपला ‘छोटा हत्ती’, आला आणि अरुंद आळीतही शिरू लागला. एका ट्रकचा माल आता तीन-चार टेम्पोंतून येतो, म्हणजे थांबेही तितकेच.

यावरचा नेहमीचा इलाज म्हणजे वेळेची बंदी: दिवसा अवजड वाहनांना प्रवेश नाही. इलाज जुनाच आहे, ज्युलियस सीझरच्या काळात रोममध्येही बहुतेक गाड्यांना दिवसा मज्जाव होता. पण सकाळी आठच्या आधी आलेल्या टेम्पोलाही उभं राहायला जागा लागतेच. त्यासाठी मोटार वाहन कायदा, १९८८ मध्ये कलम ११७ आहे. स्थानिक संस्थेशी सल्लामसलत करून कोणतं वाहन कुठे, किती वेळ उभं करायचं हे त्याखाली ठरवता येतं. म्हणजे पेठेत वीस मिनिटांचा, फक्त माल उतरवण्यापुरता पट्टा आखायला नवा कायदा नको, पिवळा रंग पुरे. अडचण इतकीच, की त्या पट्ट्यावर आज दुचाकी लागलेल्या असतात, आणि त्यातल्या बऱ्याचशा दुकानदारांच्याच.