उसाच्या रानात मीठ येतं कुठून?

उन्हाळ्यात शिरोळ, मिरज, वाळवा या बाजूला गेलात तर काही रानं पांढरीफटक दिसतील, वर पीठ भुरभुरल्यासारखी. तिथं एकेकाळी दणकून ऊस निघायचा, आता वेड्या बाभळी. लोक म्हणतात, मीठ फुटलंय.

हे मीठ कुणी आणून टाकलेलं नाही. नदीचं पाणी गोड लागलं तरी त्यात थोडे क्षार असतातच. लिटरला अर्धा ग्रॅम धरा, उसाला वर्षात एकरी 80 लाख लिटर पाणी पाजलं की 4 टन क्षार रानात आले, पाणी पीक पितं, उन्हानं उडतं, क्षार मात्र तिथंच राहतात. त्यात काळी माती चिकण, निचरा नाही, मग जमिनीखालचं पाणी वर वर येतं आणि वातीतून तेल चढावं तसं मातीतून चढून उडून जातं, मागं मीठ. सोडियम वाढलं की मातीचे कण सुटे होऊन छिद्रं बुजतात, मग पाणी मुरतच नाही, हीच चोपण जमीन.

ऊस लावून, भरमसाट पाणी पाजून रान घालवतो, शेतकऱ्याला अक्कल नाही, असं म्हणणाऱ्यांचा मला खरंच राग येतो. उसाला एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला किमान भाव आहे, टोळी येऊन तोडून नेते, टोमॅटोचा भाव कधी पडेल सांगता येत नाही, मग माणूस काय लावणार? पाणीपट्टी बहुतेक ठिकाणी एकरावर, वापरलेल्या पाण्यावर नाही. वीज बऱ्याचदा रात्री येते, म्हणून मोटर लावून झोपायचं. युरियाची 45 किलोची गोणी 266 रुपये 50 पैशांना, डीएपी या स्फुरदाच्या खताची 50 किलोची गोणी 1350ला, मग युरियाच जास्त पडतो आणि त्याचं नायट्रेट झिरपून विहिरीत उतरतं.

उपाय आहे. मीटर-दीड मीटर खोल छिद्रांचे पाईप टाकून खारं पाणी नाल्याला काढायचं, चोपण असेल तर जिप्सम, त्यातलं कॅल्शियम सोडियमला हुसकावतं, मग धैंचा हे हिरवळीच्या खताचं पीक पेरून गाडायचं. पण रान 20 गुंठ्यांचं आणि नाला चार बांधांपलीकडे, मधला एक जण नको म्हणाला की काम अडलं! शिरोळच्या दत्त साखर कारखान्यानं गावोगावच्या शेतकऱ्यांना एकत्र बसवून ही कामं केली, पडीक रानं पुन्हा पिकाखाली आली, म्हणून मला पाईपापेक्षा ती बैठक मोठी वाटते.

आणि पाईप टाकूनही परत पाटानं भरमसाट पाणी सोडलं तर तेच होणार, त्यामुळे ठिबक हवंच, आणि हरभरा-सोयाबीनचा हमीभाव खरोखर हातात पडायला हवा, तोवर ऊस कोण सोडेल?