अपस्फीत नीला आणि लैंगिक आरोग्य

अपस्फीत नीला म्हणजे फुगलेल्या, लांबलेल्या आणि वेड्यावाकड्या झालेल्या शिरा. बोलण्यात त्यांना व्हेरिकोज व्हेन्स म्हणतात. उभे असताना कातडीखालच्या शिरेचा व्यास ३ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त भरला, की तिची गणना अपस्फीत नीलांमध्ये होते. त्याहून बारीक निळसर-लालसर रेषा वेगळ्या धरल्या जातात. हा पायांचा विकार म्हणून ओळखला जातो. पण ज्या बिघाडामुळे पोटरीवरची शीर फुगते, तोच बिघाड ओटीपोटात आणि वृषणकोशातही होऊ शकतो. लैंगिक जीवनावर काय परिणाम होईल, हे तो कोठे झाला आहे यावर ठरते. पायांवरच्या शिरांमुळे लैंगिक क्षमता जात नाही. ओटीपोटातल्या शिरांमुळे संभोग वेदनादायक होऊ शकतो, तर वृषणाभोवतीच्या शिरांमुळे अपत्यप्राप्तीत अडथळा येऊ शकतो. या तिन्हींची गल्लत होत असल्याने अनेक जण विनाकारण भीती बाळगतात आणि ज्यांना खरोखर उपचारांची गरज असते, ते वर्षानुवर्षे दुखणे अंगावर काढतात.

बिघाडाचे स्वरूप : नीलांमधून रक्त हृदयाकडे परत जाते. पायांतून ते वर चढावे लागते आणि त्यासाठी शिरांच्या आत ठरावीक अंतरावर पातळ झडपा असतात. चालताना पोटरीचे स्नायू आवळले जाऊन रक्त वर ढकलतात, आणि ते खाली येऊ लागताच झडपा मिटतात. निश्चल उभे असताना घोट्याजवळच्या शिरेतील दाब पाऱ्याच्या ८० ते १०० मिलिमीटरपर्यंत असतो. निरोगी माणूस चालू लागला की तो ३० च्या खाली उतरतो. झडपा निकामी झाल्यास चालतानाही दाब पुरेसा उतरत नाही आणि शिरांच्या भिंती हळूहळू ताणल्या जातात. आनुवंशिकता, वाढते वय, गर्भारपण, लठ्ठपणा आणि तासन्‌तास उभे राहण्याचे काम ही यामागची प्रमुख कारणे आहेत. संभोग किंवा हस्तमैथुनामुळे शिरा फुगतात, ही समजूत निराधार आहे.

शरीररचनेतील एक गोष्ट येथे महत्त्वाची आहे. पायाच्या आतल्या बाजूने वर जाणारी मोठी सॅफेनस नीला जांघेत मांडीच्या खोल नीलेला मिळते आणि त्या संगमाजवळच बाह्य जननेंद्रियांच्या वरवरच्या शिराही येऊन मिळतात. त्यामुळे मांडीच्या आतल्या बाजूच्या आणि भगोष्ठांवरच्या (योनिमुखाच्या ओठांवरच्या) फुगलेल्या शिरांचा एकमेकींशी संबंध असू शकतो. शिश्नाच्या ताठरतेशी निगडित असलेल्या खोल शिरांचा मार्ग मात्र निराळा आहे. त्या पुरःस्थ ग्रंथीभोवतीच्या (प्रोस्टेटभोवतीच्या) जाळ्यातून ओटीपोटातल्या नीलांकडे जातात, पायाकडे नव्हे.

पायांवरच्या शिरा : येथे परिणाम होतो तो आडवळणाने. संध्याकाळपर्यंत पाय जड होतात, ठणकतात, कातडी खाजते, रात्री गोळे येतात. अशा वेळी जवळीक नकोशी वाटली, तर कामेच्छा ओसरली असे समजायचे कारण नाही. शरीर थकलेले असते इतकेच. सकाळी, पाय रात्रभर आडवे राहिल्यानंतर, हीच व्यक्ती बरीच मोकळी असते. दुसरा परिणाम संकोचाचा. पाय दिसतील असे कपडे टाळणे, दिवा मालवल्याशिवाय जोडीदाराजवळ न जाणे, घोट्याजवळ काळवंडलेली कातडी किंवा जखम असेल तर स्पर्शच टाळणे, हे सर्रास घडते. तपासणीच्या खोलीत यातले काहीच बोलले जात नाही, कारण पाय दाखवायला आलेल्याला लैंगिक जीवनाबद्दल कोणी विचारत नाही आणि न विचारता सांगणारे थोडे. जोडीदारही त्या दुराव्याचा भलताच अर्थ लावून बसतो.

संभोगामुळे पायांच्या शिरांना इजा होत नाही. आडवे झाल्यावर पायांतला दाब आपोआप उतरतो. बराच वेळ उभे राहावे किंवा गुडघ्यांवर भार द्यावा लागेल अशा स्थिती त्रासदायक वाटल्यास टाळाव्यात; पोटरीखाली उशी घेतल्याने बरे वाटते. दाबाचे मोजे दिवसा, उभे असताना वापरायचे असतात. झोपताना ते बहुधा काढायचेच असतात, त्यामुळे त्यांची अडचण होण्याचे कारण नाही. कातडी फार पातळ झालेल्या ठिकाणी धक्का लागून शीर फुटली आणि रक्त वाहू लागले, तर ताबडतोब आडवे होऊन पाय उंच करावा आणि स्वच्छ कापडाने त्या जागी घट्ट दाब धरावा. रक्त खूप दिसले तरी या उपायाने ते बहुतेक वेळा थांबते. त्यानंतर डॉक्टरांना दाखवावे.

ताठरतेचा प्रश्न : पायांच्या फुगलेल्या शिरा असलेल्या पुरुषांमध्ये ताठरतेच्या तक्रारी अधिक आढळतात, असे काही पाहण्यांमधून दिसले आहे. याचा अर्थ पहिली गोष्ट दुसरीचे कारण आहे असा होत नाही. वय, लठ्ठपणा आणि बैठी राहणी या गोष्टी दोन्हींच्या मुळाशी असतात. ताठरता कमी होण्यामागे धमन्यांचा आजार, मधुमेह, उच्च रक्तदाब, धूम्रपान, काही औषधे किंवा मानसिक ताण ही कारणे कितीतरी अधिक वेळा सापडतात. शिश्नाच्या धमन्या हृदयाच्या धमन्यांपेक्षा अरुंद असल्याने धमनीविकाराची पहिली खूण कधीकधी येथेच उमटते आणि हृदयाच्या तक्रारी काही वर्षांनी सुरू होतात. म्हणून पायावरच्या शिरांकडे बोट दाखवून हा विषय मिटवणे धोक्याचे आहे. अशा पुरुषाची रक्तशर्करा, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल तपासलेच पाहिजे.

ताठरतेत शिरांचा वाटा असतो तो असा : शिश्नातील स्पंजासारख्या ऊती रक्ताने भरल्या की बाहेरच्या जाड आवरणाखालच्या बारीक शिरा दाबल्या जातात आणि रक्त आतच अडून राहते. हे अडणे नीट झाले नाही, तर ताठरता येते पण टिकत नाही. याला शिरांतील गळती म्हणतात. ती बहुधा त्या ऊतींच्या लवचीकपणातील दोषामुळे होते, पायांच्या झडपांशी तिचा संबंध नाही. या शिरा बांधून टाकण्याच्या शस्त्रक्रिया एके काळी पुष्कळ झाल्या. परिणाम टिकत नसल्याने त्या आता सरसकट केल्या जात नाहीत. सिल्डेनाफिलसारखी ताठरतेची औषधे केवळ व्हेरिकोज व्हेन्स आहेत म्हणून वर्ज्य होत नाहीत; छातीतील कळेसाठी नायट्रेट घेणाऱ्यांना मात्र ती जिवावर बेतू शकतात.

शिश्नावर ठळक दिसणाऱ्या शिरा हा आजार नव्हे. कधीकधी जोरकस संभोगानंतर वरच्या बाजूला दोरीसारखी कडक, दुखरी शीर हाताला लागते. वरवरच्या शिरेत रक्त गोठल्याने हे होते आणि मोंडोर विकार या नावाने ते ओळखले जाते. दुखणे जाईपर्यंत संभोग थांबवल्यास आणि सूज उतरण्याची औषधे घेतल्यास ते काही आठवड्यांत बरे होते, ताठरतेवर कायमचा परिणाम बहुधा राहत नाही. तरी गाठ कसली आहे, याची खात्री डॉक्टरांकडूनच करून घ्यावी.

ओटीपोटातील शिरा : लैंगिक जीवनावर सर्वांत थेट आघात करणारा आणि सर्वांत उशिरा ओळखला जाणारा प्रकार हाच आहे. बीजाशयाकडून (अंडाशयाकडून) वर जाणाऱ्या नीलांच्या झडपा निकामी झाल्या, की रक्त उलट खाली उतरते आणि गर्भाशयाभोवतीच्या शिरा फुगतात. डावी बीजाशय-नीला डाव्या मूत्रपिंडाच्या नीलेत उघडते. त्या नीलेवर किंवा ओटीपोटातील डाव्या मोठ्या नीलेवर शेजारच्या धमनीचा दाब पडत असेल, तर रक्त आणखी तुंबते. एकाहून अधिक बाळंतपणे झालेल्या, पाळी चालू असलेल्या स्त्रियांमध्ये हा विकार विशेष आढळतो. पाळी थांबल्यावर तो बहुधा निवळतो.

तक्रारीचे रूप ठळक असते. ओटीपोटात सहा महिन्यांहून अधिक काळ बोथट दुखणे, जडपणा. उभे राहिल्याने, दिवस कलल्यावर आणि पाळीच्या आधी त्यात वाढ. आडवे झाल्यावर उतार. संभोगाच्या वेळी आत खोलवर दुखते, पण याहून नेमकी खूण नंतरची असते. कामोत्तेजनेत ओटीपोटात जादा रक्त येणे स्वाभाविक आहे. एरवी ते थोड्याच वेळात ओसरते. येथे ते तुंबलेल्या शिरांमध्ये अडकून राहते. त्यामुळे संभोगाच्या वेळी फारसे न दुखलेली स्त्री नंतर तासन्‌तास, कधी दुसऱ्या दिवसापर्यंत, पोट धरून पडून राहते. असे दोन-चारदा झाले की पुढची जवळीक सुरू होण्याआधीच अंग आखडते आणि मग योनीतील ओलावा व इच्छा दोन्ही कमी होतात. या स्त्रीला ‘मन लागत नाही’ असे सांगून परत पाठवणे हा तिच्यावर अन्याय आहे.

असा अन्याय झालेलाही आहे. अमेरिकी स्त्रीरोगतज्ज्ञ हॉवर्ड टेलर यांनी १९४९ मध्ये या विकाराचे सविस्तर वर्णन केले, तेव्हा मानसिक ताणाला त्यात मोठे स्थान दिले होते. लंडनमध्ये रिचर्ड बियर्ड आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये, एरवी काही दोष न सापडलेल्या अशा स्त्रियांच्या ओटीपोटातील फुगलेल्या शिरा क्ष-किरण चित्रांत दाखवल्या, तेव्हा दुखण्याला शारीरिक आधार मिळाला. आजही निदान हुकते, कारण नेहमीची सोनोग्राफी आणि दुर्बिणीची तपासणी रुग्णाला आडवे ठेवून होते. त्या स्थितीत शिरा रिकाम्या होतात. योनिमार्गातून केलेली डॉपलर सोनोग्राफी (रक्ताचा प्रवाह दाखवणारी), एमआरआय आणि गरज पडल्यास शिरेत नळी घालून काढलेली चित्रे यांनी निदान पक्के होते. नितंबांवर, मांडीच्या मागे किंवा भगोष्ठांवर फुगलेल्या शिरा दिसल्या, अथवा पायाच्या शिरांवर उपचार होऊनही त्या पुन्हा उगवल्या, तर उगम ओटीपोटात आहे का ते पाहावे. मात्र काहीही न दुखणाऱ्या स्त्रियांमध्येही अशा शिरा आढळतात. म्हणून एन्डोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारख्या ऊती गर्भाशयाबाहेर वाढणे), जंतुसंसर्ग, मूत्राशयाचे विकार यांचा विचार केल्याशिवाय सारा दोष शिरांवर टाकू नये.

उपचारांत संप्रेरकांच्या औषधांनी काही काळ आराम पडतो. पूर्वी गर्भाशय आणि बीजाशये काढून टाकण्यापर्यंत मजल जाई. मानेतल्या किंवा जांघेतल्या शिरेतून बारीक नळी नेऊन, सदोष नीला धातूच्या वेटोळ्यांनी व औषधी फेसाने बंद करण्याच्या पद्धतीचा अहवाल १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला आणि तेव्हापासून ती रूढ झाली. तिच्यात गर्भाशय शाबूत राहते आणि बऱ्याच स्त्रियांची संभोगानंतरची वेदना कमी होते.

गर्भारपण : या काळात शरीरातील रक्ताचे प्रमाण ४० ते ५० टक्क्यांनी वाढते, प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकामुळे शिरांच्या भिंती सैल होतात आणि वाढते गर्भाशय ओटीपोटातल्या नीलांवर दाब टाकते. त्यामुळे काहींना भगोष्ठांवर निळसर, दाबल्यास मऊ लागणाऱ्या शिरा दिसतात. जडपणा व खाज येते, संभोग नकोसा वाटतो. थंड पट्ट्या, कुशीवर झोपणे आणि आधार देणारे अंतर्वस्त्र यांनी बरे वाटते. या शिरांमुळे नैसर्गिक प्रसूती सहसा अडत नाही, आणि बाळंतपणानंतर काही आठवड्यांत त्या बहुतेक मावळतात.

वृषणाभोवतीच्या शिरा : यांना व्हेरिकोसील म्हणतात. पहिल्या शतकातील रोमन लेखक सेल्सस याने फुगलेल्या शिरा आणि त्यासोबत लहान झालेले वृषण यांची नोंद केली आहे. प्रौढ पुरुषांपैकी सुमारे १५ टक्क्यांमध्ये हा दोष असतो. वंध्यत्वासाठी तपासल्या जाणाऱ्या पुरुषांमध्ये हे प्रमाण ३५ ते ४० टक्क्यांपर्यंत जाते. डावी वृषण-नीला डाव्या मूत्रपिंडाच्या नीलेला जवळजवळ काटकोनात मिळते, त्यामुळे तो बहुधा डाव्या बाजूला होतो. तपासणी उबदार खोलीत, रुग्णाला उभे करून, खोल श्वास रोखून खाली जोर द्यायला लावून करतात. बोटांना वृषणाच्या वर गांडुळांच्या गुंत्यासारखे काही लागते आणि आडवे झाल्यावर ते विरते. आडवे होऊनही न विरणारा, फक्त उजव्या बाजूचा किंवा उतारवयात अचानक उद्‌भवलेला व्हेरिकोसील असेल, तर पोटातील गाठीची शंका घेऊन तपासणी करावी लागते.

शुक्राणू तयार होण्यासाठी वृषणाचे तापमान शरीरापेक्षा काही अंशांनी कमी असावे लागते. तुंबलेल्या रक्ताने ते वाढते आणि शुक्राणूंची संख्या व हालचाल घटते. तरीही व्हेरिकोसील असलेले बहुसंख्य पुरुष नैसर्गिकरीत्या बाप होतात, आणि संभोगक्षमतेला सहसा बाध येत नाही. हाताला जाणवणारा व्हेरिकोसील, सदोष वीर्यतपासणी आणि गर्भधारणेत अडचण असे तिन्ही एकत्र असल्यास, किंवा दुखणे टिकून राहिल्यास शस्त्रक्रियेचा विचार होतो. शुक्राणू तयार व्हायला अडीच महिन्यांच्या आसपास लागत असल्याने तिचा गुण वीर्यात दिसायला तीन ते सहा महिने जातात. केवळ सोनोग्राफीत सापडलेल्या सूक्ष्म व्हेरिकोसीलवर शस्त्रक्रिया करण्याची गरज नसते.

उपचारांनंतर : लेझर किंवा रेडिओलहरींनी पायाची शीर बंद केल्यावर रुग्ण त्याच दिवशी चालू लागतो, आणि दुखणे बसले की काही दिवसांत संभोग करता येतो. व्हेरिकोसीलच्या शस्त्रक्रियेनंतर जखम भरेपर्यंत थांबावे लागते. एकाच पायाला अचानक सूज व वेदना आल्या, तर खोल नीलेत रक्त गोठल्याची शक्यता असते. धाप लागली किंवा छातीत दुखले, तर एक क्षणही न दवडता रुग्णालय गाठावे. गर्भनिरोधकाबाबत जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांनुसार केवळ व्हेरिकोज व्हेन्स असणे ही संयुक्त (दोन संप्रेरके असलेल्या) गोळ्यांना आडकाठी नाही. पूर्वी खोल नीलेत रक्त गोठलेले असेल, तर मात्र इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या टाळून तांबी किंवा दुसरे साधन निवडतात.