गॅस भरायला बोलावण्याआधी जाळी बघा

दुकानदार, डेअरीवाले आणि हॉटेलवाल्यांसाठी

उन्हाळा लागला की आमचा फोन वाजतो आणि पलीकडून पहिलं वाक्य येतं, “फ्रीझर गार करत नाही, गॅस भरून द्या.” गॅस पेट्रोलसारखा वापरून संपत नाही. बंद नळीत तोच तो फिरत राहतो. कमी झालाच असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि ती न शोधता गॅस भरणं म्हणजे फुटक्या हंड्यात पाणी ओतणं. आम्ही ते काम घेत नाही.

बऱ्याच वेळा गॅस पुरेसा असतो, चोंदलेली असते ती कंडेन्सरची, म्हणजे आतली उष्णता बाहेर टाकणारी जाळी. गेल्या उन्हाळ्यात पुण्यातल्या एका मिठाईच्या दुकानात गेलो होतो. डीप फ्रीझर कढईपासून हातभर अंतरावर. खालचं कव्हर काढलं तर जाळीवर तेलाची वाफ आणि मैदा बसून गोधडीसारखा थर झालेला. कोपरा धरून ओढला तर अखंड सोलून आला. आतली उष्णता बाहेर टाकायची वाटच बंद होती, म्हणून कॉम्प्रेसर सकाळपासून एकदाही थांबला नव्हता. जाळी धुतली, फ्रीझर कढईपासून लांब हलवला, आणि दोन तासांत कॉम्प्रेसर आपोआप बंद झाला.

याचा हिशोब मांडून बघा. 400 वॅटचा कॉम्प्रेसर दिवसाला 12 तास चालला तर 4.8 युनिट, 18 तास चालला तर 7.2. महिन्याला 72 युनिट जास्त, तेही एकाच मशीनमागे.

म्हणून दर पंधरा दिवसांनी मेन स्विच बंद करून मऊ ब्रशने जाळी वरून खाली झाडा. भट्टीजवळ असेल तर दर आठवड्याला. कॉस्टिक सोडा लावू नका, अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं. मशीन भिंतीपासून वीतभर पुढे ठेवा आणि मागे रिकामे खोके कोंबू नका.

दाराच्या रबरात दहाची नोट धरून दार लावा. नोट सहज निघाली तर तिथून गारवा जातोय. रबर कोमट साबणपाण्याने पुसा, चिरलं असेल तर बदला.

आत बर्फाचा थर पेन्सिलीइतका जाड झाला की मशीन बंद करून तो वितळू द्या. सुरीने किंवा स्क्रू ड्रायव्हरने कधीही खरवडू नका! नळीला टोचलं की खरोखरच गॅस जातो, आणि तो खर्च मोठा असतो.

नॉब शेवटच्या आकड्यावर नेल्याने माल लवकर गार होत नाही, मशीन फक्त जास्त वेळ चालतं. आइस्क्रीमला उणे 18 अंश, दुधाला 4 अंश पुरतात. शंभर रुपयांचा थर्मामीटर आत ठेवा आणि त्यावर विश्वास ठेवा. गरम बासुंदी आधी बाहेर निववा, पण तासन्‌तास उघडी ठेवू नका. व्हिझी कूलरमध्ये, म्हणजे काचेच्या दाराच्या कोल्ड्रिंकच्या फ्रिजमध्ये, पंख्यासमोर बाटल्या रचू नका.

लाइट गेली तर परत आल्यावर पाच मिनिटं थांबून मशीन सुरू करा. लगेच सुरू केलं तर दाब उतरलेला नसतो आणि कॉम्प्रेसर अडकतो.

नवीन डीप फ्रीझर घेताना बीईईचे (वीजबचतीचं काम बघणाऱ्या सरकारी संस्थेचे) स्टार बघा आणि लेबलवरचे वर्षाचे युनिट वाचा.

एवढं करूनही गार होत नसेल तर जरूर फोन करा. करताना तीन गोष्टी सांगा : थर्मामीटरवरचा आकडा, कॉम्प्रेसर मध्ये थांबतो का, आणि जाळी शेवटची कधी साफ केली.