मेंदूतली गाठ आणि एमआरआय

एमआरआय म्हणजे मेंदूत गाठ आहे का, कुठे आहे, किती पसरलीय हे चुंबकाच्या मदतीनं बघायची तपासणी. सिग्नल शरीरातल्या पाण्याच्या हायड्रोजनकडून येतो, सीटी स्कॅनसारखं एक्स-रेचं रेडिएशन नाही.

सुरुवात नक्की कोणाची यावर वाद आहे. रेमंड डमाडियन यांनी १९७१ मध्ये उंदरांच्या गाठींचे तुकडे तपासून दाखवलं की त्यांचा सिग्नल निरोगी टिश्यूपेक्षा सावकाश विरतो, पण ते नुसते आकडे होते, चित्र नव्हतं. चित्र १९७३ मध्ये पॉल लॉटरबर यांनी काढलं, पीटर मॅन्सफील्ड यांनी त्याला गणित आणि वेग दिला, २००३ चं नोबेल या दोघांनाच मिळालं आणि डमाडियन यांनी वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती देऊन निषेध केला. चित्राची युक्ती लॉटरबर यांचीच धरणं जास्त पटतं, तरी गाठ वेगळी ओळखता येते हे आधी डमाडियन यांनीच मांडलं.

साधारण १९८० च्या दशकात गॅडोलिनियम या धातूपासून केलेल्या औषधाचं इंजेक्शन आलं. मेंदूतल्या रक्तवाहिन्यांचं कुंपण जिथे फुटलंय तिथे ते झिरपतं आणि ती जागा पांढरी चमकते. (किडनीचा त्रास असेल तर आधी सांगायलाच हवं.) पण गाठीवर उपचार म्हणून रेडिएशन दिल्यावरही हे कुंपण फुटतं, मग गाठ परत वाढली की ट्रीटमेंटचाच परिणाम दिसतोय हे नुसत्या चमकण्यावरून कळत नाही, आणि घरच्यांचा जीव तिथेच टांगणीला लागतो. म्हणून परफ्युजन, म्हणजे तिथला रक्तप्रवाह, बघतात, वाढत्या गाठीत रक्त सहसा जास्त खेळतं, रेडिएशननं मेलेल्या टिश्यूत कमी. एमआरआयच्याच स्पेक्ट्रोस्कोपी या प्रकारात टिश्यूतली रसायनं दिसतात, गाठीत कोलीन (पेशींच्या आवरणाशी संबंधित रसायन) चढतं आणि एनएए (निरोगी चेतापेशींतलं रसायन) उतरतं, आयडीएच नावाचं जीन बदललेल्या ग्लायोमात (मेंदूच्या आधारपेशींच्या गाठीत) तर टू-हायड्रॉक्सीग्लुटारेट हे रसायन साठतं, तेही पकडता येतं, फक्त त्याला चांगलं मशीन आणि सवयीची नजर लागते. डिफ्युजन, म्हणजे पाण्याच्या रेणूंची हालचाल टिपणाऱ्या स्कॅनच्या, एका प्रकारात मज्जातंतूंचे मार्ग दिसतात, ऑपरेशनआधी हात-पाय आणि बोलण्याचे मार्ग गाठीपासून किती लांब आहेत याचा अंदाज येतो. ३ टेस्लाचं (टेस्ला म्हणजे चुंबकाची ताकद मोजायचं एकक) मशीन १.५ पेक्षा सिग्नल जास्त देतं, पण सिक्वेन्स (चित्र घ्यायची पद्धत) नीट निवडला नाही तर नुसत्या टेस्लानं भागत नाही.

नवी मुंबईत खारघरला टाटा मेमोरियल सेंटरचं ॲक्ट्रेक आहे, कॅन्सरवर उपचार आणि संशोधन दोन्ही करणारं. ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकल मार्गानं पनवेल गाडी पकडून खारघरला उतरता येतं. तिथे किंवा कुठेही जाताना जुन्या स्कॅनची सीडी बरोबर घ्यावी, नुसता कागदी रिपोर्ट नको, कारण गाठ वाढली का हे आधीच्या चित्राशेजारी नवं चित्र ठेवूनच ठरतं.