रेग्युलेटर गेला की स्टेटर जळला?

मोटरसायकलची बॅटरी वरचेवर उतरू लागली की पहिला खर्च नव्या बॅटरीवर होतो, आणि तीही महिन्याभरात सेल्फ उचलेनाशी झाली की मग चार्जिंगकडे लक्ष जाते. तेथे संशयित दोन असतात. इंजिनाच्या झाकणाआड, मॅग्नेटच्या आत बसलेली स्टेटर कॉइल एसी (दिशा सतत बदलणारी) वीज निर्माण करते. फ्रेमला आवळलेला, पात्यापात्यांचा ॲल्युमिनियमचा रेग्युलेटर, ज्याला गॅरेजवाले ‘आरआर युनिट’ म्हणतात, त्या विजेचे बॅटरीला लागणाऱ्या डीसीत (एकाच दिशेच्या विजेत) रूपांतर करून व्होल्टेज आवाक्यात ठेवतो. दोहोंपैकी काहीही बिघडले तरी बॅटरी उतरतेच. फरक दुरुस्तीत आहे: रेग्युलेटर दोन बोल्ट काढून बदलता येतो, तर स्टेटरसाठी बहुतेक गाड्यांत झाकण उघडावे लागते आणि गॅस्केट नवे घालावे लागते. म्हणून अंदाजाने सुटा भाग बदलण्यापूर्वी मल्टिमीटर (व्होल्टेज मोजायचे उपकरण) हातात घ्यावा. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातला साधा मीटरही या कामाला पुरतो.

गाडी बंद असताना पूर्ण चार्ज बॅटरी १२.६ ते १२.८ व्होल्ट दाखवते. गाडी सुरू करून इंजिन ४ ते ५ हजार आरपीएमवर नेले, तर बॅटरीच्या टर्मिनलवर साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट यायला हवेत. आकडा १५ च्या वर चढत असेल, बल्ब वारंवार उडत असतील किंवा बॅटरी फुगली असेल, तर स्टेटरला दोष देण्याचे कारण नाही, कारण व्होल्टेज रोखणे हे त्याचे कामच नव्हे. अशा वेळी रेग्युलेटरची अर्थिंग (फ्रेमशी असलेली विजेची जोडणी) गंजलेली नाही ना, एवढे पाहून तो बदलावा. आयडलवरच्या (रेस न देता चालू इंजिनाच्या) आकड्यावरून मात्र निष्कर्ष काढू नये. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिन सुरू असेपर्यंत जळतच राहतो, त्यामुळे सिग्नलला उभ्या गाडीत व्होल्टेज थोडे खाली येणे हा बिघाड नव्हे.

खरा घोळ होतो तो आकडा १३ च्या वर सरकतच नाही तेव्हा. बहुतेक थ्री-फेज (स्टेटरमध्ये कॉइलचे तीन संच असलेल्या) गाड्यांत स्टेटरकडून तीन पिवळ्या वायरी रेग्युलेटरकडे जातात. गाडी बंद करून त्यांचा कपलर (वायरी जोडणारा प्लास्टिकचा जोड) सोडवावा, मीटर एसीवर ठेवावा, इंजिन सुरू करावे आणि दोन-दोन वायरींच्या तिन्ही जोड्या तपासाव्यात. रेस वाढवताच येथे ५० व्होल्टच्याही वर आकडा जातो, तेव्हा उघड्या टोकांना हात लावू नये. नेमका आकडा गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मिळतो, पण निदानासाठी तिन्ही आकडे जवळपास सारखे असणे अधिक महत्त्वाचे. एखादी जोडी स्पष्टपणे मागे पडली तर कॉइल जळली आहे. इंजिन बंद करून यांपैकी एखादी वायर आणि इंजिनाची बॉडी यांमध्ये कंटिन्युइटी (वीज वाहू शकेल अशी सलग जोडणी) मिळाली, तरीही दोष स्टेटरचाच. (एका टोकाने अर्थ केलेली कॉइल असलेल्या जुन्या छोट्या गाड्यांना ही शेवटची कसोटी लागू नाही.) तिन्ही आकडे समान आणि भरपूर असतील, तर स्टेटर निर्दोष ठरतो आणि संशय रेग्युलेटरवर व मधल्या वायरिंगवर येतो.

रेग्युलेटर मीटरच्या डायोड मोडवर तपासण्याची पद्धत गॅरेजांत सर्रास आहे. तिने फुटलेला डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा आतला घटक) सापडतो, पण डायोड ठीक निघाले म्हणून रेग्युलेटर ठीक असे मानणे धाडसाचे आहे, कारण आतले नियंत्रण सर्किट त्यात तपासले जातच नाही. शिवाय अनेक गाड्यांतील शंट जातीचा रेग्युलेटर जास्तीची वीज शॉर्ट करून जिरवतो, म्हणजे तापणे त्याच्या कामातच आहे. सकाळी थंड गाडीवर १४.२ दाखवणारा तोच रेग्युलेटर सायनपासून घाटकोपरपर्यंत रखडत आल्यावर कोलमडू शकतो. म्हणून बॅटरीच्या टर्मिनलवरचे मोजमाप इंजिन चांगले तापलेले असताना पुन्हा करावे.

मुंबईत पावसाळा संपला की तिसऱ्या आरोपीलाही विसरू नये. पाणी आणि खारट हवा यांमुळे कपलरच्या पिना हिरव्या पडतात, संपर्क सैल होतो, जागा तापते आणि प्लास्टिक तपकिरी होऊन वितळते. अशा कपलरवर नवा रेग्युलेटर जोडला तर तक्रार तशीच राहते. इंजिन मध्यम रेसवर ठेवून, मीटर डीसीवर घेऊन, रेग्युलेटरची आउटपुट वायर आणि बॅटरीचे पॉझिटिव्ह टर्मिनल यांमधला फरक मोजावा. तो साधारण ०.३ व्होल्टपेक्षा जास्त आला, तर नवा भाग आणण्याआधी कपलर कापून पिना बदलाव्यात.