एसएमएसची मर्यादा, पन्नास पैसे आणि ओटीपी: आधी काय काय झालं

आज एसएमएसचा इनबॉक्स उघडला की ओटीपी, बँकेचे मेसेज, लाइट बिलाची आठवण आणि मधेच कुठल्या तरी कॅसिनोची ऑफर, एवढंच असतं. माणसानं माणसाला पाठवलेला मेसेज शोधायचा तर खाली खाली जावं लागतं. याचं सगळं खापर लोक व्हॉट्सअ‍ॅपवर फोडतात, पण ते अर्धंच खरं आहे, त्याच्या आधी नियमांनी एसएमएसची बरीच वाट लावून ठेवली होती आणि ते नीट कळायला हा मेसेज जातो कसा तिथपासून सुरुवात करावी लागते.

एसएमएस हा मुळात उरलेल्या जागेतला प्रवासी. १९८० च्या दशकात युरोपात डिजिटल मोबाइलचं स्टँडर्ड बनत होतं तेव्हा फोन आणि टॉवर यांच्यात बोलण्याच्या चॅनलशिवाय एक सिग्नलिंगचा चॅनल ठेवलेला होता, म्हणजे फोन कुठे आहे, रिंग कधी वाजवायची वगैरे निरोप देणारा. तो बराच वेळ रिकामाच असायचा, मग त्यातून छोटा मजकूर का पाठवू नये, असा विचार झाला. जागा मिळाली १४० बाइट, म्हणजे ११२० बिट, आणि एका अक्षराला ७ बिट धरले की बरोबर १६० अक्षरं. एक जर्मन इंजिनिअर म्हणे टाइपरायटरवर मनात येतील ती वाक्यं टाइप करून मोजत बसला आणि बहुतेक सगळी १६० च्या आत बसतात म्हणून खूश झाला. पहिला एसएमएस ३ डिसेंबर १९९२ ला ब्रिटनमध्ये गेला, नाताळच्या शुभेच्छांचा, तोसुद्धा कॉम्प्युटरवरून फोनला.

आता ते १६० हे रोमन अक्षरांचे. देवनागरीला प्रत्येक खुणेमागे १६ बिट लागतात, म्हणून हद्द ७० वर येते, आणि मेसेज त्याच्या पुढे गेला की प्रत्येक तुकड्यात ६७ च, कारण तुकडे परत जोडायची माहिती थोडी जागा खाते. शिवाय काना, मात्रा, वेलांटी, हलन्त सगळं वेगळं मोजलं जातं. "चतुर्थीच्या हार्दिक शुभेच्छा" यात डोळ्यांना १० अक्षरं दिसतात, मशीन मोजतं २८, दोन स्पेस धरून. खाली घरच्यांची नावं घातली की दुसरा मेसेज सुरू आणि पैसेही दोन मेसेजचे. साहजिकच फोंड्याचा मराठी माणूस असो की मडगावचा कोंकणी, चतुर्थीला सगळ्यांनी रोमनमध्येच टाइप केलं. ज्या गोव्यात देवनागरी की रोमी (रोमन) या लिपीच्या प्रश्नावरून इतकी वर्षं भांडणं चाललीत तिथे कीपॅडनं दोन-तीन वर्षांत सगळ्यांना रोमीत आणून बसवलं! पुढे भारतीय लिप्यांसाठी ७ बिटांचे तक्ते स्टँडर्डमध्ये आले, त्यात मेसेज दीडशे खुणांच्या आसपास बसला असता, पण पाठवणारा आणि घेणारा दोन्ही फोनना तो तक्ता माहीत असावा लागतो, आणि तोवर लोकांची बोटं रोमनला सरावली होती.

मेसेज थेट समोरच्या फोनला जात नाही हे अजूनही बऱ्याच जणांना माहीत नसतं. तो आधी कंपनीच्या मेसेज सेंटरला जातो, सेंटर नेटवर्कच्या रजिस्टरला विचारतं हा नंबर आत्ता कुठे आहे, आणि फोन बंद किंवा रेंजबाहेर असला तर मेसेज ठेवून घेतं. चोर्ला घाटातून बसनं येताना हे छान दिसायचं, मधे रेंज गेलेली असायची आणि साखळीच्या बाजूला उतरलो की अडकलेले मेसेज टिंग टिंग एकामागून एक. फोन परत टॉवरला लागला की रजिस्टर सेंटरला कळवतं आणि राहिलेलं सगळं एका दमात सुटतं.

एमएमएसचं, म्हणजे फोटोवाल्या मेसेजचं, गणित वेगळं. तो २००२ मध्ये युरोपात सुरू झाला आणि लागोपाठ इकडेही आला. फोटो सिग्नलिंगच्या चॅनलमध्ये मावत नाही, म्हणून फोटो एका वेगळ्या सर्व्हरवर पडतो आणि समोरच्या फोनला फक्त एक लपलेला एसएमएस जातो, की अमुक ठिकाणी तुझं सामान आहे, घेऊन जा. मग फोन जीपीआरएस, म्हणजे तेव्हाचं मोबाइल इंटरनेट, लावून ते ओढतो. त्यासाठी सेटिंग्ज लागायच्या, त्या कस्टमर केअरकडून मागवायच्या, सेव्ह करायच्या, फोन बंद करून चालू करायचा, तरी चालतील याचा नेम नाही. नाही चाललं तर फोटोऐवजी एक लिंक आणि पासवर्ड यायचा, जो कुणी कधी उघडला नाही. एवढं करून एका फोटोचे पैसे कित्येक एसएमएसइतके. ब्लूटूथनं फुकट जात असताना कोण पाठवणार?

एसएमएसचा खरा जमाना २००३ नंतरचा. त्या वर्षी मे महिन्यापासून इनकमिंग फुकट झालं, फोन हातोहात गेले आणि मग आले एसएमएस पॅक, महिन्याला थोडे पैसे भरा आणि वाट्टेल तेवढे पाठवा. कॉलेजात सगळ्यांकडे ते पॅक. मात्र सणाच्या दिवशी पॅक चालायचा नाही, दिवाळी, न्यू इयर हे "ब्लॅकआउट डे", त्या दिवशी प्रत्येक मेसेजचे पूर्ण पैसे. जेव्हा मेसेज पाठवायचा असतो नेमका तेव्हाच पॅक बंद! आणि गोव्याचं आणखी एक, मोबाइल कंपन्यांच्या विभागणीत आपण महाराष्ट्राच्या सर्कलमध्ये. पत्रादेवी ओलांडून बांद्याला गेलं तर राज्य बदलतं पण फोनला काही फरक नाही, आणि पोळेंचं चेकनाकं ओलांडून कर्नाटकात माजाळीला पाय ठेवला की तेव्हा रोमिंग लागायचं. काणकोणातल्या ज्यांचे सोयरे कारवारला त्यांना हे चांगलंच ठाऊक.

याच स्वस्त पॅकवर जाहिरातवाल्यांची धाड पडली. साध्या सिमकार्डांवर अनलिमिटेड पॅक मारायचे, कॉम्प्युटरला जोडायचे आणि दिवसभर प्लॉट, लोन, वजन कमी करायचे मेसेज सोडत राहायचे. २००७ मध्ये "कॉल करू नका" अशी रजिस्ट्री झाली होती पण तिला कोण विचारतो. शेवटी टेलिकॉम नियामकानं, म्हणजे ट्रायनं, २७ सप्टेंबर २०११ पासून सरसकट नियम लावला, एका सिमवरून दिवसाला १०० एसएमएस, बस्स. ओरड झाल्यावर नोव्हेंबरमध्ये ते २०० केले.

तेव्हाचं समर्थन असं की सामान्य माणूस दिवसाला १०० मेसेज पाठवतच नाही. आता हे ज्यानं ठरवलं त्याच्या घरात एकोणीस वर्षांचं कुणी नसावं. तिकीट बुकिंगवाले, डीटीएचवाले, सोशल नेटवर्किंग साइट यांना सूट मिळाली, म्हणजे ज्यांचा मेसेज धंद्याचा ते मोकळे आणि मैत्रिणीशी गप्पा मारणारा पोरगा संध्याकाळी सात वाजता संपला. स्पॅमवाल्यानं काय केलं? आणखी सिमकार्डं घेतली. जुलै २०१२ मध्ये दिल्ली हायकोर्टानं खासगी मेसेजवरची ही मर्यादा रद्द केली, बोलण्याच्या स्वातंत्र्यावर गदा येते म्हणून. बरोबरच होतं.

पण त्याच्या पुढच्याच महिन्यात, ऑगस्ट २०१२ ला, ईशान्येकडच्या लोकांवर हल्ले होणार अशा अफवा पसरल्या, बंगळूर आणि पुण्याहून माणसं गाड्या भरभरून गावाकडे पळाली आणि केंद्र सरकारनं देशभर पंधरा दिवसांसाठी हुकूम काढला, एका वेळी पाचपेक्षा जास्त जणांना एसएमएस नाही आणि एमएमएस २५ केबीच्या वर नाही. काही दिवसांनी पाचाचे वीस केले. तो प्रसंग गंभीर होता, तिथे वाद घालण्यात अर्थ नाही. मला खटकतं ते नंतरचं. नोव्हेंबर २०१२ मध्ये नियामकानं मर्यादाच वेगळ्या कपड्यात परत आणली, दिवसाला १०० मेसेज पॅकच्या दरात, त्याच्या वर प्रत्येकी किमान ५० पैसे. बंदी नाही, फक्त महाग, त्यामुळे कोर्टाचा प्रश्न नाही. नेटवर्कला जवळपास काहीच खर्च नसलेल्या मेसेजला ५० पैसे, आणि ते नेमके तेव्हा जेव्हा स्मार्टफोन स्वस्त होऊन डेटावर फुकट चॅट मिळू लागलं होतं. लोकांना दुसरं दार दाखवायला याहून चांगला मुहूर्त नव्हता. २०२० मध्ये हे ५० पैसे काढून टाकले तेव्हा कुणाला पत्तासुद्धा लागला नाही.

मधल्या काळात एसएमएस बँकांचा झाला. २०१८ च्या नियमांत ब्लॉकचेनवर, म्हणजे एका सामाईक डिजिटल वहीत, नोंदणी आली, कंपनीनं आपलं नाव, हेडर (नंबरच्या जागी दिसणारं पाठवणाऱ्याचं छोटं नाव) आणि मेसेजचा साचा आधी रजिस्टर करायचा, साच्याशी जुळला नाही तर मेसेज वाटेतच कापायचा. ८ मार्च २०२१ ला हे खरोखर चालू केलं आणि देशभर ओटीपी अडकले, बँकेचे, आधारचे, लस नोंदणीचेसुद्धा. दुसऱ्याच दिवशी नियम आठवडाभर स्थगित. त्याच्या दहा वर्षं आधी मोजून मारलं ते माणसाला, या वेळी यंत्राला मारलं तेव्हा चोवीस तासांत माघार, इतका फरक.

२०२५ पासून हेडरच्या शेवटी एक अक्षर येतं, पी म्हणजे जाहिरात, एस म्हणजे सर्व्हिस, टी म्हणजे व्यवहाराचा मेसेज, जी म्हणजे सरकारी. उपयोगाचं आहे, बघायची सवय लावून घ्या. फक्त लाइट कापणार, पार्सल अडकलंय असले लिंकवाले मेसेज हल्ली साध्या दहा आकडी नंबरवरून किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर येतात आणि तिथे ना हेडर ना साचा.